जर्मनचं पातेलं आणि माँट्रियलचा हिवाळा

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत अक्काचा मुलगा माँट्रियलहून आला. बॅगेतून सगळ्यांसाठी चॉकलेटं निघाली आणि माझ्यासाठी जुन्या टी-शर्टात गुंडाळलेलं एक कडं निघालं. हाताच्या पंजाएवढं, ॲल्युमिनियमचं, बाहेरून खाचा पाडलेलं आणि एका जागी ग्राइंडरनं कापलेलं. आतल्या आट्यांत पांढरी पूड गच्च बसली होती. नखानं खरवडून बघितली, निघेना.

"मामा, हे ओळखा बघू."

ओळखायचं काय त्यात? होटगी रोडला माझं अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम चालतं, रोज हेच हातात असतं. ती कॉइलओव्हरची कॉलर होती. गाडीची स्प्रिंग ज्या कड्यावर बसते आणि जे फिरवून गाडी वर-खाली करता येते, ते कडं. पण अशी अवस्था झालेली कॉलर मी सोलापुरात कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे धूळ असते, खड्डे असतात, एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांचं ऊन असतं. शॉकअप गळतात, बुश जातात. कडं नळीला असं चिकटून बसत नाही.

त्यानं तिकडे जुनी गाडी घेतली होती आणि आधीच्या मालकानं तिला हे ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवलेलं. गाडी जमिनीला टेकून चालल्यासारखी दिसायची, पोरगं खूश. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्याच्या आधी गाडी जरा उचलावी म्हणून पाना लावला तर कडं जागचं हलेना, शेवटी कापावं लागलं. तो इथं होता तोवर रोज रात्री जेवणानंतर आमचा हाच विषय. आमच्या गल्लीतच चार घरांतली पोरं थंड देशांत गाड्या चालवतात, त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

सस्पेन्शन काय करतं ते समजायला यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याकडे बघा. उंचच उंच काठी, सगळं वजन एका माणसाच्या अंगावर. तो गुडघे किंचित सैल ठेवूनच चालतो. पायाखाली खळगा आला की गुडघा आणखी वाकतो किंवा सरळ होतो, आणि वर काठी फारशी डुलत नाही. गुडघ्याचं हे वाकणं म्हणजे स्प्रिंग. पण नुसती स्प्रिंग असती तर माणूस झुलतच राहिला असता. मांडीचे स्नायू ती झोकांडी तिथल्या तिथे जिरवतात, तो शॉकअप. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप तिचं नाचणं थांबवतो.

साध्या गाडीत स्प्रिंगखालची बशी शॉकअपच्या नळीला वेल्ड केलेली असते, तिची जागा कायमची ठरलेली. कॉइलओव्हरमध्ये नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, मोठ्या बोल्टसारखे, आणि बशीच्या जागी त्या आट्यांवर फिरणारी कॉलर असते. तिच्याखाली आणखी एक कडं, लॉक नट, वरच्याला आपल्या जागी दाबून धरायला. कॉलर वर नेली की गाडी वर, खाली आणली की खाली. बऱ्याच संचांत शॉकअपच्या टोकाला एक छोटी घुंडीही असते. ती टिक-टिक फिरवून शॉकअप कडक किंवा नरम करता येतो.

आपल्याकडे हे फारसं दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर २०१९ मध्ये आलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याच्या विरोधात आहेत. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

आता मिठाकडे येतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

थंड देशांत रस्त्यावर ट्रकनं मीठ टाकतात हे घरी सांगितलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. पण त्यामागचं कारण तिच्याच हातच्या पॉटच्या आइस्क्रीममध्ये आहे. लाकडी बादली, मध्ये दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर मुठीमुठीनं खडे मीठ. मीठ पडलं की बर्फ वितळायला लागतो, आणि तरीही ते खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. म्हणून तर आतलं दूध घट्ट होतं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं, खारं पाणी त्याच्या खाली. पाण्यात सुमारे २३ टक्के मीठ असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. रस्त्यावर मात्र इतकं नेमकं प्रमाण कोण राखणार? तिथं उणे १० च्या आसपासच साधं मीठ थकतं आणि वितळण्याचा वेग मंदावतो.

त्याहून कडाका असेल तर कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही जास्त खट्याळ मंडळी. हवेतली ओल ओढून घेतात आणि स्वतःच त्यात विरघळतात. पावसाळ्यात आपली खड्या मिठाची बरणी पाझरते, तीसुद्धा मिठात उरलेल्या थोड्याशा मॅग्नेशियम क्लोराइडमुळेच. गाडीच्या पोटाला हे लागलं की बाहेर कोरडा दिवस असला तरी ती जागा ओलीच राहते. वर बर्फ पडायच्या आधीच खारवणी फवारून ठेवायची पद्धत आहे, रस्त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात त्या त्याच्याच. म्हणजे पहिला भुरका पडतो तेव्हा गाडी आधीच खारावलेली असते. जाता जाता एक गंमत: उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी या खारवणीत बीटपासून साखर काढल्यावर उरलेली मळी मिसळतात, म्हणजे ती रस्त्याला धरून राहते. आमच्या कारखान्यांच्या जिल्ह्यात मळीचे नाना उपयोग ऐकले होते, हा नवीन.

आमच्या त्या आइस्क्रीमच्या बादलीचे लोखंडी पट्टे दोन उन्हाळ्यांत सडले होते. वर्षातून चार वेळा वापर होऊनही. गाडी चार महिने रोज त्या पाण्यातून जाते.

पण नुसता गंज असता तर ब्रश मारून निघाला असता. खरी मेख दोन धातूंची आहे. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कुणी मीठ-चिंचेची आमटी रात्रभर ठेवली की सकाळी तळाला पांढरे ठिपके आणि बारीक खड्डे दिसतात. ॲल्युमिनियम तसा चिवट, अंगावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरून असतो आणि तोच त्याला वाचवतो. मीठ तो पापुद्रा फोडतं. त्यात शेजारी लोखंड टेकलेलं असेल तर मग बॅटरीच तयार होते: दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी. अशा जोडीत एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. झिजण्याचा क्रम असा, की आधी जस्त, मग ॲल्युमिनियम, मग लोखंड, आणि स्टेनलेस सगळ्यांत शेवटी. कॉलर ॲल्युमिनियमची, नळी लोखंडाची. झिजणार कोण ते ठरलेलंच आहे.

आणि झिजलेलं ॲल्युमिनियम नाहीसं होत नाही, त्याची पांढरी पूड होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, ती पूड तिथं फुगते आणि कडं आतून आवळलं जातं. लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण खारानं कसं धरतं? तसंच, फक्त इथं झाकणावर गाडीच्या एका चाकाचं वजनही बसलेलं असतं.

भाच्याचा प्रश्न होता की पहिल्या हिवाळ्यानंतर कडं फिरत होतं, मग दुसऱ्यातच काय झालं? लोखंडी नळीवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून बाकीच्यांना सांभाळतं, आणि ते आहे तोवर सगळं ठीक वाटतं. पहिला हिवाळा म्हणून फसवा. मुलामा संपला की पुढचं काम झपाट्यानं होतं. काही कंपन्या नळीच स्टेनलेसची करतात. जर्मनीतल्या केडब्ल्यूची इनॉक्स-लाइन यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावरची कॉलर प्लास्टिकच्या जातीच्या मजबूत पदार्थाची असते. त्यात शहाणपण आहे, कारण स्टेनलेसच्या नळीवर साधी ॲल्युमिनियमची कॉलर ठेवली तर नळी चकचकीत राहील आणि कॉलर आणखी लवकर जाईल. "स्टेनलेस आहे" एवढं ऐकून पैसे मोजणाऱ्यांनी कॉलर कशाची आहे हेही विचारावं.

मग करायचं काय? थंडीच्या आधी, ऑक्टोबरात, एक सुट्टीचा दिवस काढायचा. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावायचे, चाकं काढायची. आटे साबणाच्या पाण्यानं आणि पितळी ब्रशनं धुवायचे. लोखंडी ब्रश नको, उरलासुरला मुलामाही तोच काढून टाकतो. आटे पूर्ण कोरडे झाले की आधी लॉक नट सैल करायचा, मग कॉलर वर-खाली दोन-दोन फेरे फिरवून बघायची. हे चाक हवेत असतानाच. गाडीचं वजन स्प्रिंगवर असताना कॉलरला पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात, आणि तिथून परत फिरायचा रस्ता नाही.

आट्यांना काय लावायचं यावर जितके मेकॅनिक तितकी मतं. घट्ट ग्रीस मला पसंत नाही. त्याला वाळू चिकटते, आणि पुढच्या वेळी फिरवताना त्याचंच पॉलिश पेपर होतं. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती तांब्याची अँटी-सीझ पेस्ट तर इथं अजिबात नको, तांबं आणि ॲल्युमिनियम ही तर आणखी वाईट जोडी. लावायचीच तर निकेलवाली लावावी. माझा कौल लॅनोलिनला. मेंढीच्या लोकरीतला मेणचट अंश तो. धनगरी घोंगडीवर पावसाचं पाणी सहज मुरत नाही, त्यात याचाही वाटा आहे, आणि नवी घोंगडी हाताला तुपकट लागते तीही त्याच्यामुळे. त्याचे स्प्रे मिळतात. पातळ थर मारायचा, हिवाळ्याच्या मध्यावर पुन्हा एकदा. स्प्रे ब्रेकच्या चकतीवर उडू द्यायचा नाही, हे सांगायला नको, पण सांगतोच.

वरून गुंडाळायलाही मिळतं, चेन लावलेल्या कापडी पिशव्यांसारखं. भाच्याच्या मित्रानं सायकलची जुनी ट्यूब कापून चढवली होती. जुगाड म्हणून झकास, पण आत पाणी गेलं की निघायला वाट नाही आणि मग आतल्या आत मुरंबा होतो. आवरण घातलं तर ते खालून मोकळं हवं आणि महिन्या-दीड महिन्यानं काढून बघायला हवं. बघायचं नसेल तर घालूच नका.

पोटाखालून धुणं हा सगळ्यांत स्वस्त इलाज. पारा शून्याच्या वर गेला की पोटाखाली पाणी मारणाऱ्या वॉशिंग सेंटरवर जायचं, आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. प्रेशरचा फवारा शॉकअपच्या दांड्यावरच्या सीलवर थेट धरायचा नाही. इथं एक उलटी गोष्ट लक्षात घ्यावी. खारावलेली गाडी रोज रात्री गरम गॅरेजमध्ये ठेवणं हे तिचे लाड नव्हेत. उणे १५ मध्ये बाहेर उभ्या गाडीत गंजण्याचं काम जवळपास थांबलेलं असतं. आत आणली की चिकटलेला बर्फ वितळतो, मीठ ओलं होतं, ऊब मिळते आणि रात्रभर बॅटरी चालू. भाच्याकडे नेमकं असंच तळघरातलं ऊबदार पार्किंग. भाडंही वेगळं भरत होता त्याचं!

कडं आधीच जाम झालं असेल तर घाई नको. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा. ज्या बाजूला न्यायचंय तिकडेच जोर लावू नका. पाव इंच पुढे, पाव इंच मागे, पूड बाहेर पडू द्या, पुन्हा तेल. पान्याला पाईप लावून ओढायचा मोह होतो, त्यात खाचा तुटतात. छिन्नी-हातोड्याचं तर नावच नको. हीट गनची थोडी ऊब चालते, कारण त्याच उष्णतेत ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि पकड सैल होते. पण गॅसची ज्योत कदापि नाही. त्या नळीत तेल आहे आणि दाबाखालचा नायट्रोजन आहे, फुटली तर डोळे जातील. एवढं करूनही हललं नाही तर कॉलर कापून नवी घालायची, भाच्यानं केलं तसं. तेसुद्धा सपाट्यानं नव्हे. कापताना ब्लेड नळीच्या आट्यांना लागलं की नळीही गेली.

आता उंचीचं बघू. गाडी खाली असण्यात उन्हाळ्यात काय मजा असेल ती असो, बर्फात ती पोटावर बसते. पोटाखाली १०० मिमी जागा असेल आणि रस्त्यावर १५० मिमी बर्फ, तर गाडीच नांगर होते. मग बर्फ खाली दाबला जाऊन घट्ट होतो, चाकांवरचं वजन कमी होतं आणि ती जागच्या जागी फिरत बसतात. शिवाय रस्ता साफ करणारा नांगर दाराशी जो बांध टाकून जातो तो भुसभुशीत नसतो, खडीच्या ढिगासारखा टणक असतो. उणे २० मध्ये बंपरचं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. चाकाच्या कमानीत साचलेला चिखल-बर्फ रात्रीत गोठतो, आणि गाडी खाली असेल तर सकाळी स्टिअरिंग फिरवताना टायर त्याला घासतो. म्हणून हिवाळ्याआधी २०-२५ मिमी तरी उचलावी.

पण कशी उचलायची, यात लोक फसतात. एक हिशेब मांडतो. एका चाकावर ३६० किलो वजन आहे आणि स्प्रिंग ६ किलोची आहे, म्हणजे दर ६ किलोला १ मिमी दबणारी. गाडी जमिनीवर ठेवली की स्प्रिंग ६० मिमी दबणार. आता चाक हवेत असताना कॉलरनं स्प्रिंग आधीच १० मिमी दाबून ठेवलेली असेल, तर गाडी खाली ठेवल्यावर उरलेली ५० मिमी दबेल. याचा दुसरा अर्थ असा, की चाक खड्ड्यात उतरायला ५० मिमी वाव शिल्लक आहे. कॉलर आणखी २५ मिमी वर नेली, तर गाडी साधारण तेवढी उचलली जाते, पण खाली उतरायचा वाव २५ मिमीच राहतो. स्प्रिंग कडक झाली असं अनेकांना वाटतं. ती झालेली नाही, आजही ६ किलोला १ मिमीच दबते. कमी झालाय तो चाकाचा लोंबायचा वाव. खळग्यात चाक खाली पोचायच्या आधीच शॉकअपचा दांडा संपतो आणि क्षणभर टायर अधांतरी. सोलापूरच्या डांबरावर एक दणका बसून विषय मिटेल. बर्फाच्या पापुद्र्यावर, वळणात, तोच क्षण गाडीला आडवी करू शकतो.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या जातीचे कॉइलओव्हर असतात. त्यांत शॉकअपची पूर्ण नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर बसते. स्प्रिंगला हात न लावता नळीच ब्रॅकेटमधून वर सरकवायची, म्हणजे गाडी उचलली जाते आणि वाव तेवढाच राहतो. हे उत्तम. फक्त आता जाम होणारी जागा एकाऐवजी दोन, आणि खालची जागा तर थेट चिखलाच्या माऱ्यात. तिला लॅनोलिन दुप्पट लावा. नळी ब्रॅकेटमध्ये कमीत कमी किती शिरलेली हवी याची कंपनीची मर्यादा असते, ती उंचीच्या हौसेपायी ओलांडायची नाही. नळी ब्रॅकेटमधून निसटली तर पुढचं काही बोलायलाच नको.

उंची बदलली की अलाइनमेंट करायचीच. माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही. २० मिमी उचलल्यावर पुढच्या चाकांचा टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) आणि कँबर (समोरून बघितल्यावर ती किती कललीत ते), दोन्ही सरकतात, आणि बर्फावर टो चुकलेली गाडी सरळ रेषेत धरून ठेवणं म्हणजे कसरत. हेडलाइटचा झोतही तपासा.

थंडी स्वतः शॉकअपचं काय करते, तर मिठाइतकं वाईट नाही. काकवी थंडीच्या पहाटे बरणीतून ओतून बघा, धार पडायलाच वेळ लागतो. शॉकअपमधलं तेल तसंच घट्टावतं, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी दणके देते. नायट्रोजनचा दाबही उतरतो, २० अंशांवरून उणे २५ ला सुमारे १५ टक्के. चालून तेल तापलं की सगळं जागेवर येतं. तोवर सावकाश जायचं, कारण याच वेळी सील कडक झालेलं असतं आणि दांड्यावर बर्फाचा कण बसला असेल तर तो त्याला ओरखडतो. दांड्यावरचं रबरी बूट फाटलेलं असेल तर ते हिवाळ्याआधी बदलावं. स्वस्तातली वस्तू आहे, पण बहुतेक शॉकअप तिच्या दुर्लक्षानं मरतात.

घुंडीबद्दल माझं मत असं, की हिवाळ्यात ती तीन-चार टिक नरमकडे न्यावी. घसरड्या रस्त्यावर टायरला जमीन धरून राहायला वेळ हवा असतो, कडक शॉकअप त्याला उडवतो. स्वीडनच्या रॅलीतल्या गाड्याही बर्फावर नरम, उंच सस्पेन्शन आणि खिळे ठोकलेले अरुंद टायर घेऊनच पळतात. घुंडी गोठलेली असताना पकड घेऊन पिळू नका, आतली सुई मोडते. आणि वरचं माउंटिंग लोखंडी गोळ्याचं असेल, ज्याला पिलोबॉल म्हणतात, तर त्याची खडखड हिवाळ्यात ऐकू येणारच. खारं पाणी आणि रेती त्यात जाते. बारमाही चालवायच्या गाडीला रबरी माउंटिंगच बरं.

टायरवर फार लिहीत नाही, तो वेगळा लेख होईल. पारा ७ अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं, त्यामुळे हिवाळी टायर हवेतच. माँट्रियल ज्या क्युबेक प्रांतात आहे तिथं १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानंच सक्तीचे आहेत. चेन लावायची पाळी आली तर मात्र कॉइलओव्हरवाल्यांनी आधी टायर आणि कॉलर यांच्यात बोट जातं का ते बघावं. चेन सुटून कॉलरमध्ये अडकली तर ब्रेकची नळी घेऊन जाते.

भाच्याचा एक फोन आठवतो. "मामा, बॅलन्सिंग गेलं वाटतं, ८० च्या वर स्टिअरिंग थरथरतंय." काल करून घेतलं होतं म्हणाला. रिमच्या आतल्या बाजूला बर्फ साचून गोठला होता, बस्स. काठीनं पाडला आणि थरथर बंद. हिवाळ्यात गॅरेजला पळायच्या आधी रिमच्या आत एकदा डोकवा.

मला विचाराल तर ज्यांच्याकडे कंपनीचे मूळ शॉकअप पडून आहेत त्यांनी नोव्हेंबरात तेच चढवावेत आणि कॉइलओव्हर धुऊन, पुसून, कापडात बांधून माळ्यावर ठेवावेत. दोन वेळा खोलाखोल आणि दोन वेळा अलाइनमेंट, एवढाच खर्च. भाच्याच्या आधीच्या मालकानं मूळ शॉकअप भंगारात घातलेले, त्यामुळे त्याला तो मार्ग नव्हता. त्यानं नवा संच घेतला, पूर्ण नळी सरकणारा, आणि या वेळी ऑक्टोबरात सगळं वर लिहिल्याप्रमाणे केलं. मग चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं मला पाठवली. पुढची डावी ३५२, उजवी ३४६.

सहा मिलिमीटरचा फरक. गाडी सपाट जागी होती ना, टायरमध्ये हवा सारखी होती ना, डिकीत सामान नव्हतं ना, असं सगळं विचारून झालं. मग सांगितलं, तुझे आटे २ मिमीचे आहेत, उजवी नळी ब्रॅकेटमधून तीन फेरे वर काढ, थोडी चालवून पुन्हा मोज.

"फिरतंय का आधी सांग."

"लोण्यासारखं फिरतंय मामा. पण बाहेर उणे दोन आहे, बोटं बधीर झालीयेत. उद्या करतो."

उद्या रात्रीपासून तिकडे बर्फाचा अंदाज होता. म्हटलं, लेका, हातमोजे घाल आणि आत्ता कर, मी फोन चालू ठेवतो.